फळेवाला कुशाबा

लालबागच्या त्या चाळीत कुशाबा नावाचे तिघे होते. एक पगाराच्या दिवशी पिऊन रडायचा, एक भजनात टाळ कुटायचा आणि तिसरा फळा लिहायचा. आपल्याला या तिसऱ्याशी कर्तव्य आहे.

चाळीच्या तोंडाशी, नळाच्या वरच्या भिंतीत एक काळा फळा ठोकलेला होता. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी कुशाबा खडू घेऊन त्याच्यापुढे उभा राहायचा आणि जगात काल काय झालं ते लिहायचा. वाचता येणारे वाचायचे, न येणारे शेजाऱ्याला विचारायचे आणि मग सगळे डबे सांभाळत गिरणीकडे सुटायचे. कुशाबा स्वतः साचेखात्यात कापड विणायचे दोन साचे चालवायचा. अक्षरओळख त्याला चाळिशीला आल्यावर युनियनच्या वर्गात झाली, त्यामुळे अक्षर शाळकरी पोराचं आणि शुद्धलेखन ज्याचं त्याचं. पण चौदा वर्षांत त्याने एक सकाळ चुकवली नव्हती. ताप असला तर कानटोपी घालून यायचा, पण यायचा.

फळ्याला नियम एकच. लाल बावट्याच्या पक्षाच्या ऑफिसातून येईल तेवढीच बातमी वर चढायची. बाकीची वर्तमानपत्रं मालकांची, त्यांच्यावर विश्वास ठेवायला तो काय खुळा होता? निदान त्याला तरी तसं वाटायचं.

फळा सुरू झाला तो लढाईत. बेचाळीस साली जपानी बॉम्बच्या धास्तीने मुंबई अर्धी रिकामी झाली तेव्हा कुशाबाने धाकट्या शशिकांतला मालवणकडे आजीपाशी धाडून दिलं. थोरला लवू एकोणीस वर्षांचा, तो इथेच राहिला. ऑगस्टात ‘चले जाव’चा भडका उडाला आणि लवूही मोर्चात घुसायला निघाला. कुशाबाने त्याला दंडाला धरून घरात बसवलं. पक्षाने सांगितलं होतं की ही लढाई आता लोकांची झाली आहे. रशिया पडला तर जगातला कामगार पडला. आधी हिटलरला गाडा, मग इंग्रजांचं बघू. चाळीतल्या अर्ध्या लोकांनी कुशाबाला सरकारधार्जिणा म्हणून शिव्या घातल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी फळा लिहिला.

त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मन शरण आले. त्या सकाळी कुशाबाने लाल खडूने वीतभर अक्षरं काढली. त्याचा दोस्त तात्या, जो आयुष्यात कुणाला चहा पाजत नसे, त्याने नळावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गूळखोबरं ठेवलं. स्टालिनचा एक छापील फोटो कुठूनसा आणून कुशाबाने आपल्या खोलीत गणपतीशेजारी लावला. त्या मिशांकडे बघून त्या पिढीच्या माणसांना काय वाटायचं ते आज सांगून पटायचं नाही. त्यांच्यावर आयुष्यभर खात्यावरचा जॉबर ओरडला, मालक ओरडला, घरभाडं घेणारा ओरडला. आणि इथे एक चांभाराचा पोर साऱ्या जगाच्या मालकांना दम देत होता. तो कडक आहे, कुणाचं ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तेच तर त्यांना आवडायचं.

लवू त्या दिवशी फोटोसमोर उभा होता. कुशाबा त्याला म्हणाला, “लढूचा तर थंय लढ. हय दगड मारून काय व्हतला?” पुढच्या आठवड्यात लवू मराठा पलटणीत भरती झाला. पोरगा आपणहून गेला, असं कुशाबा पुढे लोकांना सांगायचा. पण त्याची बायको जाईबाई तेव्हा तिथेच चूल फुंकत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. लवूची बोट सुटल्यावर दोन महिने ती नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

ती बोलू लागली ती पत्रं आल्यावर. इटलीहून लवूची तीन पत्रं आली. जाईबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून कुशाबा वाचायचा आणि ती पिठाचे हात तसेच धरून ऐकायची. पहिल्या दोनांत बोटीचा प्रवास, डोंगर, बर्फ, जेवणाची रड असं काहीबाही होतं. तिसरं शिमग्यात आलं. कुशाबाने ते उभ्याउभ्या मनात वाचलं.

लवूने लिहिलं होतं: ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. थंडीने माझ्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. आपल्या बाजूचे दोघे परवा माझ्यासमोर गेले. मी तुमच्या शब्दाखातर आलो, पण मला इथे कशासाठी मरायचं ते समजत नाही. आमचे हवालदार म्हणतात, आई फार आजारी आहे असा घरून अर्ज आला आणि डॉक्टरचा कागद जोडला तर सोडतात. एकाला सोडलं. बाबा, एवढं करा. आईला यातलं सांगू नका, ती रडेल.’

समोर जाईबाई बसलेली. “काय म्हणता माझो झिल?” तिने विचारलं.

आणि कुशाबाने फळा लिहायचा तसा मुलगा लिहिला. कागद डोळ्यांपुढे धरून तो म्हणाला, “आई, तू काळजी करू नको. लाल सेना तिकडून येते आहे, आम्ही इकडून जातो आहोत. दुष्टाला गाडल्याशिवाय मी घरी येणार नाही. बाबांनी मला चांगली वाट दाखवली. माझ्यासाठी रडू नको.” शब्द कसे भराभर सुचले, त्याचं त्यालाच नवल वाटलं. जाईबाईने डोळे पुसले आणि त्या रात्री नवऱ्याच्या पानात स्वतःच्या वाटची तळलेली मासळी घातली.

अर्ज त्याने लिहायला घेतला होता, हे खोटं नाही. दोनदा कागद पुढे ओढला. पण फळेवाल्याचा मुलगा खोट्या आजाराचा कागद लावून लढाईतून पळाला, हे उद्या चाळीत कळलं तर? ज्याची माणसं तीन वर्षं बर्फात मरतायत त्याच्या फोटोखाली बसून आपण हे लिहायचं? आज लिहू, उद्या लिहू करता करता दिवस गेले. रशियाची फौज रोज पुढे सरकत होती, फळ्यावर रोज नवं गाव सुटत होतं, लढाई आता संपतच आली म्हणून कुशाबा स्वतःची समजूत घालत राहिला. नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी तार आली.

पत्र त्याने जाळलं नाही. लवूच्या हातचं होतं, कसं जाळणार? तिन्ही पत्रं जाईबाईच्या ट्रंकेत गेली. दरवर्षी तार आली त्या तिथीला ती तिसरं पत्र काढून नवऱ्याच्या हातात द्यायची आणि तो तेच शब्द वाचायचा, एकही इकडचा तिकडे नाही. शशिकांत गावाहून परत आला, मोठा झाला, दरवर्षी तो जवळ बसून ऐकायचा. पत्र उघडायचं ते बापाने, असा घराचा रिवाजच पडून गेला होता.

छप्पन साल उजाडलं ते बंदुकांच्या आवाजात. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर जानेवारीत गोळ्या चालल्या तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शेवंतीचा धाकटा मुलगा काळाचौकीच्या वळणावर पडला. दूध आणायला गेला होता म्हणतात, कुणी म्हणतं दगड मारायला. त्याचं नाव कुशाबाने फळ्यावर लिहिलं तेव्हा बापलेक शेजारी उभे होते. शशिकांत मॅट्रिक होऊन शिवडीच्या गोदामात कारकून लागला होता आणि चळवळीच्या कामात बुडाला होता. त्या महिन्यात बाप त्याला जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता.

जूनमध्ये ते संपलं. शशिकांत एका संध्याकाळी इंग्रजी पेपर घेऊन आला आणि गॅलरीत बसलेल्या बापाला, तात्याला मराठीत सांगू लागला. स्टालिनच्या जागी आलेल्या माणसाने मॉस्कोत बंद दाराआड भाषण केलं होतं, ते आता फुटलं होतं. स्वतःच्याच पक्षाची माणसं स्टालिनने याद्या करकरून मारली, खोटे कबुलीजबाब घेतले, लढाईच्या तोंडावर स्वतःचेच सेनापती संपवले.

“मालकांचा पेपर,” कुशाबा म्हणाला.

“भाषण त्यांच्याच पुढाऱ्याचं आहे, बाबा.”

“असात,” तात्या मध्ये पडला. “पन लढायेत असोच माणूस लागता. भजनी बुवा घेऊन हिटलर पडतो काय?”

गॅलरीत पाचसहा पोरं जमली होती. त्यातला एक म्हणाला, तात्या बरोबर बोलतायत, आपल्याकडेही तसाच एक हवा होता, जानेवारीत गोळ्या घालणाऱ्यांना त्याने भिंतीला उभं केलं असतं. शशिकांत त्याच्यावरच उखडला. “आणि मग पुढच्या जानेवारीत तुला उभं केलं असतं,” तो म्हणाला. म्हातारे सगळे एका बाजूला, पोरं बहुतेक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तो पेपर. त्या आठवड्यात प्रत्येक बिऱ्हाडात हेच चाललं होतं. दोन घरांत तर बापलेक वेगवेगळे जेवायला बसले.

फळ्यावर काही चढलं नाही. चार दिवस वाट बघून पाचव्या सकाळी शशिकांतने बापाच्या आधी खाली उतरून स्वतः बातमी लिहिली. कुशाबा आला, त्याने ती वाचली, खांद्यावरचा पंचा नळाखाली भिजवला आणि सगळा फळा पुसून काढला. डबे घेऊन निघालेली माणसं थांबून बघत होती.

“खरं आहे म्हणून पुसलंत ना?” शशिकांत म्हणाला.

कुशाबाने पंचा पिळला. तो पोराकडे न बघता म्हणाला, “तो खोटो, तर मग माझो लवू कशाक मेलो? ता सांग माका.”

शशिकांत गोदामाकडे निघून गेला. कुशाबाला वाटलं आपण जिंकलो. पण साच्यासमोर उभा राहिला की तोच प्रश्न त्याच्याकडेच परत यायचा. तो माणूस खरा असला तर आपण अर्ज केला नाही हे कठोर पण बरोबर होतं. खोटा असला तर आपण एका खाटकाच्या फोटोची अब्रू राखायला पोराचं मागणं गिळून बसलो. एवढा साधा हिशेब होता आणि तो मांडायचं धाडस कुशाबात नव्हतं. म्हणून तो स्टालिनच्या बाजूने आणखी मोठ्याने बोलू लागला. नोव्हेंबरात हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले, तेव्हाही बोलला. शशिकांतने त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच महिन्यात एकवीस तारखेला, आदल्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर झालेल्या पहिल्या गोळीबाराला वर्ष व्हायचं होतं. चाळीतल्या पोरांनी ठरवलं की आपल्या चाळीतून जे गेले त्यांच्या नावांची पाटी करून लावायची. पुढाकार अच्युतचा. हा पांढरपेशा फणसवाडीतून चळवळीच्या कामाला यायचा, कॉलेजात शिकवायचा, बोलायला गोड आणि कामाला चोख. जाईबाई आपण होऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. माझ्या लवूचंही नाव घाला, म्हणाली.

अच्युत अवघडला. “मावशी, तो इंग्रजांच्या पलटणीत होता. आमची काही मुलं म्हणतात की तो त्यांच्यासाठी गेला. कसं सांगू तुम्हाला?”

“तो कशाक गेलो ता त्याच्याच तोंडान आयका,” जाईबाई म्हणाली. “माझ्याकडे त्याचा कागद असा.”

यापुढे कुणाची काही बोलायची सोय नव्हती. रविवारी सकाळी चौकात सभा भरवायची, लवूचं पत्र सगळ्यांसमोर वाचायचं आणि मग पोरांनी हात वर करून ठरवायचं, असं झालं. जाईबाई घरी आली, ट्रंक उघडली आणि पत्रं शशिकांतच्या हातात दिली. सभेत वाचायचं ते नीट लावून ठेव, म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा पत्र बापाशिवाय वाचता येणाऱ्या कुणाच्या हातात पडलं.

शनिवारी कुशाबा पाळीवरून आला तेव्हा जाईबाई शेवंतीकडे गेली होती. शशिकांत खाटेच्या कडेला बसला होता आणि तिसरं पत्र त्याच्या गुडघ्यावर होतं. कुशाबाने डबा खाली ठेवला.

“वाचलंस?”

“वाचलं.” बऱ्याच दिवसांनी तो बापाशी बोलत होता आणि त्याचा आवाज बसला होता. “अर्ज केला होतात?”

कुशाबाने मान हलवली. नाही.

शशिकांतने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता पत्राच्या घड्या घालत राहिला. “आवशीक सांगलंस?” कुशाबाने विचारलं.

“नाही. सांगणारही नाही. ती उद्यासाठी इरकली लुगडं काढून बसली आहे.” मग तो म्हणाला, “फळ्यावर खरं लिहा म्हणून मी तुमच्याशी भांडलो. आता माझीच जीभ उचलत नाही. उद्या तुम्हीच वाचा, दरवर्षी वाचता तसं. कुणी पत्र बघायला मागितलं तर शाई पुसट झाली म्हणून मी सांगेन.” त्याने पत्र बापाच्या हातात दिलं आणि तो बाहेर निघून गेला. कुशाबाला एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं याची लाजही वाटली.

रविवारी चौक भरला. म्हातारे बाकांवर, पोरं पायऱ्यांवर, बायका नळाच्या बाजूला. जाईबाई पुढे बसली होती, केसात अबोलीची वेणी, शेजारी शेवंती. अच्युतने चार शब्द बोलून कुशाबाला उभं केलं. कुशाबाने पत्र उघडलं, पण त्याला त्यात बघायची गरज नव्हती.

“आई, तू काळजी करू नको,” त्याने सुरुवात केली. आवाज चांगला लागला. “लाल सेना तिकडून येते आहे, आम्ही इकडून जातो आहोत.” तात्याने मान डोलावली. पायऱ्यांवरची पोरं पुढे सरकून बसली. कुशाबाने जाईबाईकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य तो म्हणायच्या आधीच ती मनात म्हणत होती, देवाची पोथी पाठ असावी तशी.

शेवंतीने पदर तोंडाला लावला आणि जाईबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती साताऱ्याकडची. हळूच म्हणाली, पण चौकात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. “नशिबाची हाईस गं बाई. तुज्याकडं लेकाचा शबुद तरी हाय. माजा दारातनं गेला त्यो काय बोलून गेला, ते बी मला आठवत न्हाई.”

कुशाबा थांबला. लवूचा शब्द त्याच्या हातात होता आणि तो जाईबाईला बारा वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. शेवंतीपेक्षा ती गरीब होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. त्याने कागद डोळ्यांजवळ आणला आणि नमस्काराखालच्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.

“थंडीने माझ्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत.”

जाईबाईचे ओठ थांबले. तो वाचत राहिला, नव्या साक्षर माणसासारखा, बोट ठेवून, अडखळत. आपल्या बाजूचे दोघे परवा गेले. मी तुमच्या शब्दाखातर आलो. कशासाठी मरायचं ते समजत नाही. हवालदार म्हणतात. डॉक्टरचा कागद. बाबा, एवढं करा. तात्या उठून “कुशाबा, पुरे” म्हणाला, पण तो थांबला नाही. आईला सांगू नका, ती रडेल, इथपर्यंत वाचून त्याने पत्र खाली केलं. शशिकांत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जाईबाई मात्र रडली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. चाळीतल्या कुणीही तिला इतक्या लोकांत बोलताना आधी ऐकलं नव्हतं.

“ह्या पत्र इला कधी?”

“शिमग्यात,” कुशाबा म्हणाला.

“आनि तार?”

“नारळी पुनवेच्या मागसून.”

तिने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. चैत, वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण. पाचव्या पेरावर अंगठा तसाच राहिला.

“पाच म्हयने,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, जणू घरातल्या घरात बोलत होती. “माका एक शब्द सांगलां असतात, तर मी खरीच आजारी पडलंय असतंय.”